डिझाइन थिंकिंग: चिकट चिठ्ठ्या बाजूला ठेवून बघितलं तर

हल्ली कुठल्याही मोठ्या ऑफिसात, बँकेत, इंजिनिअरिंग कॉलेजात, इतकंच काय शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा डिझाइन थिंकिंगचं, म्हणजे डिझायनर जसे प्रश्न सोडवतात तसा विचार करायला शिकवणारं, वर्कशॉप होतं. रंगीबेरंगी चिकट चिठ्ठ्या, मार्कर, स्क्रीनवर पाच षटकोनांचं ते ठरलेलं चित्र, आणि आज कुठलीच आयडिया वाईट नाही बरं का असं दर दहा मिनिटांनी सांगणारा एक उत्साही माणूस. संध्याकाळी ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, लिंक्डइनवर पोस्ट. मग माझ्यासारखी माणसं, जी पुस्तकांची कव्हरं, पाकिटं, बोर्ड, लोगो असलंच काही करून पोट भरतात, ती एकमेकांना विचारतात की अरे हे आपण रोज करतो तेच आहे का? तर थोडंसं आहे आणि बरंचसं नाही, आणि जे गाळलंय तेच नेमकं कामाचं होतं असं माझं मत आहे.

आधी ते पाच षटकोन उरकून टाकू. समोरच्या माणसाला समजून घ्या, खरा प्रश्न काय ते ठरवा, भरपूर कल्पना काढा, कच्चा नमुना बनवा, तो लोकांना वापरायला देऊन बघा. झालं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डी.स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या विभागामुळे हे चित्र जगभर पसरलं. यात चुकीचं असं काहीच नाही, फक्त ते बघून असं वाटतं की एक टप्पा संपवायचा, हात झटकायचे आणि दुसऱ्यावर जायचं, आणि शेवटी उत्तर हातात. प्रत्यक्ष काम असं कधीच होत नाही. तिसऱ्यावर असताना कळतं की पहिलं नीट बघितलंच नव्हतं, नमुना करताना कळतं की प्रश्नच वेगळा आहे, आणि कधीकधी तर सगळ्यात आधी उत्तर सुचतं आणि मग त्याचा प्रश्न शोधत बसावं लागतं.

हे नाव ज्या कंपनीमुळे गाजलं ती आयडियो, १९९१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली. तिच्या संस्थापकांपैकी डेव्हिड केली यांनी त्याआधी ॲपलच्या सुरुवातीच्या माउसवर काम केलेलं होतं, आणि बिल मॉग्रिज यांनी घडी घालून बंद होणारा सुरुवातीच्या काळातला एक लॅपटॉप डिझाइन केला होता. १९९९ साली अमेरिकन टीव्हीवर या कंपनीने पाच दिवसांत सुपरमार्केटची ट्रॉली नव्याने कशी घडवली ते दाखवलं आणि लोक खूश झाले. मग २००८ मध्ये तेव्हाचे प्रमुख टिम ब्राउन यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत या पद्धतीवर लेख लिहिला आणि मॅनेजमेंटवाल्यांनी ती उचलून धरली. आता यात एक गंमत बघा, ही पद्धत जी माणसं सांगत होती ती वर्षानुवर्षं हाताने वस्तू बनवत आलेली होती, प्लॅस्टिक कुठे तुटतं, बटण किती दाबलं की बोटाला बरं वाटतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पद्धत तेवढी उचलून दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये बसवली तेव्हा ते मुरलेलं सगळं मागेच राहिलं, कारण ते स्लाइडवर येत नाही.

पण या विचाराचं मूळ कंपनीच्याही बरंच आधीचं आहे. १९७३ साली बर्कली विद्यापीठातल्या हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोघांनी एक पेपर लिहिला, विषय होता शहरांचं नियोजन, म्हणजे रस्ते, वस्त्या, गुन्हेगारी वगैरे. त्यांचं म्हणणं असं की काही प्रश्न गणितासारखे असतात, अवघड असतील पण प्रश्न काय आहे ते सगळ्यांना मान्य असतं आणि उत्तर आलं की आलं. आणि काही प्रश्न नुसते अवघड नसतात तर खट असतात. त्यांची पक्की मांडणीच करता येत नाही, कारण तुम्ही कुठलं उत्तर डोक्यात धरताय त्यावर प्रश्न कसा दिसेल ते ठरतं. ते कुठे संपले हेही सांगता येत नाही. आणि त्यांचं उत्तर बरोबर किंवा चूक नसतं, बरं किंवा वाईट असतं.

आता हे पुस्तकाच्या कव्हरला लावून बघा. कव्हर बरोबर आलं असं कोणी म्हणतं का? लेखकाला वाटतं कादंबरीतला वाडा दिसला पाहिजे, प्रकाशकाला वाटतं प्रदर्शनाच्या टेबलावर दुरून नजर गेली पाहिजे, आणि ऑनलाइन विकणाऱ्याकडे ते नखाएवढं दिसणार असतं. वाडा दाखवायचा ठरवलं की प्रश्न होतो चित्राचा, आणि नखाएवढ्या चित्रात नाव वाचता आलं पाहिजे असं ठरवलं की तोच प्रश्न होतो अक्षरांचा. आणि हे काम संपतं कधी, तर छापखान्याचा फोन येतो तेव्हा. तो आला नाही तर आम्ही आयुष्यभर तो निळा रंग हलका-गडद करत बसू.

मग अशा खट प्रश्नांपुढे डिझाइनवाली माणसं नेमकं करतात काय? यावर मला सगळ्यात आवडलेला प्रयोग ब्रायन लॉसन या ब्रिटिश आर्किटेक्टने १९७० च्या दशकात केलेला आहे. त्याने आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची मुलं घेतली आणि विज्ञानात पुढचं शिक्षण घेणारी मुलं घेतली. दोघांना रंगीत ठोकळे दिले आणि सांगितलं की हे असे मांडा की बाहेरच्या बाजूंना जास्तीत जास्त लाल दिसेल, किंवा जास्तीत जास्त निळं. त्यात एक छुपा नियमही होता, म्हणजे अमुक ठोकळे सोबत असलेच पाहिजेत वगैरे, पण तो मुलांना सांगायचा नाही, मांडणी दाखवली की ती चालते किंवा नाही एवढंच कळणार. विज्ञानाच्या मुलांनी काय केलं, तर वेगवेगळ्या मांडण्या अशा हिशेबाने लावून बघितल्या की त्यातून नियम कळावा, आणि नियम कळला की मग उत्तर काढायचं. आर्किटेक्चरच्या मुलांनी थेट सगळ्यात जास्त लाल दिसेल अशी मांडणी लावली, नाही चालली? मग त्याच्या खालोखाल लाल असलेली, तीही नाही? मग पुढची. म्हणजे आधी उत्तर पुढे करायचं, ते कुठे अडतं ते बघायचं, आणि त्या अडण्यातून प्रश्न समजून घ्यायचा.

यातला पुढचा भाग जास्त मजेशीर आहे. लॉसनने हेच पहिल्या वर्षाच्या आणि कॉलेजला जाण्याआधीच्या मुलांवर करून बघितलं तर असा फरक काही दिसला नाही. म्हणजे ही सवय शिक्षणातून, रोजच्या कामातून लागते. क्रिएटिव्ह माणूस जन्मतःच वेगळा विचार करतो वगैरे जे आपण मोठ्या कौतुकाने बोलतो ना, त्याला या प्रयोगातून तरी आधार मिळत नाही, आणि एका संध्याकाळच्या वर्कशॉपमध्ये ती सवय लागेल यालाही नाही.

तर माझ्या मते डिझाइन थिंकिंगचा गाभा हा आहे की हाताने विचार करायचा. आधी विचार मग कृती असं नाही, कृती हाच विचार. यासाठी एक अगदी आपल्या घरचं उदाहरण देते. मराठी पोस्टर करायचंय, कुठल्यातरी वेबसाइटवरून तयार टेम्पलेट घेतलं, इंग्रजी मजकुरात फार सुंदर दिसतंय. आता त्यात मराठी टाका. पण टाकताना लोक काय करतात, तर "सुंदर मराठी मजकूर" असं काहीतरी साधंसुधं टाकून बघतात आणि म्हणतात वा, जमलं. मग खरा मजकूर येतो, वरच्या ओळीत "कर्तृत्वाचं कौतुक", खालच्या ओळीत "कीर्ती दिगंतात", आणि वरच्या उकाराची शेपटी खालच्या वेलांटीत घुसते, रफार कुठेतरी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर टेकलेला दिसतो. मग ओळींमधलं अंतर वाढवायचं, की चारच्या तीन ओळी करायच्या कारण जागा संपली, की अक्षर लहान केलं म्हणून दुसराच फाँट घ्यायचा ज्याच्या गाठी लहान आकारात बुजत नाहीत. म्हणजे मांडणीचा मूळ विचारच बदलला, आणि तो बदलला कशामुळे, तर सगळ्यात अडचणीचे शब्द टाकून बघितल्यामुळे. डोळे मिटून कितीही वेळ बसलं असतं तरी हे सुचलं नसतं. कच्चा नमुना करायचा तो याच्यासाठी. क्लायंटला खूश करायला केलेला नमुना वेगळा आणि आपलं काम कुठे फाटतं ते बघायला केलेला वेगळा.

दुसरा भाग म्हणजे दिलेल्या ब्रीफवर, म्हणजे काय करून हवंय ते सांगणाऱ्या मागणीवर, डोळे मिटून विश्वास न ठेवणं. याचं गाजलेलं उदाहरण स्टॅनफर्डचंच आहे. २००७ साली तिथल्या एका वर्गात विद्यार्थ्यांच्या एका गटाला काम मिळालं की कमी दिवसांच्या बाळांसाठी स्वस्तातला इन्क्युबेटर बनवा. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला, हॉस्पिटलात बघतो तर इन्क्युबेटर आहेत, चक्क रिकामे पडलेत. चौकशी केल्यावर कळलं की बाळं जन्मतात दूरच्या खेड्यात आणि हॉस्पिटलपर्यंत ती पोचतच नाहीत. झालं, ब्रीफ तिथेच फिरलं. आता प्रश्न मशीन स्वस्त करण्याचा राहिला नाही, तर विजेशिवाय, घरच्या घरी, आईच्या हाताने बाळाला ऊब कशी देता येईल असा झाला. त्यातून एम्ब्रेस नावाची वस्तू आली, दिसायला बाळाच्या झोपायच्या पिशवीसारखी, आत मेणासारख्या पदार्थाची एक थैली, ती गरम करून ठेवली की काही तास साधारण ३७ अंश टिकवते.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक वर्कशॉपमध्ये सांगतात. पुढची कमी सांगतात. तो गट मग भारतात आला आणि एका खेड्यात आयांना नमुना दाखवला, त्यावर तापमान दाखवणारी पट्टी होती. एका आईने सांगितलं की ही पाश्चात्त्य औषधं फार स्ट्राँग असतात, डॉक्टरांनी एक चमचा सांगितला तर आम्ही अर्धाच देतो, तसं याला ३७ पर्यंत गरम करायचं सांगितलं तर मी आपली ३० पर्यंतच करीन. तुमच्या-माझ्या घरात हा हिशेब काही अनोळखी नाही. पण बाळाच्या दृष्टीने तो जिवावरचा आहे. मग त्यांनी आकडेच काढून टाकले आणि ठीक आहे किंवा नाही एवढंच सांगणारी खूण ठेवली. मला विचाराल तर रिकाम्या इन्क्युबेटरपेक्षा हा आकड्यांचा किस्सा जास्त शिकवून जातो, कारण पट्टीवरचे आकडे हे आमच्यासारख्यांचं काम, मांडणीचं, आणि ते सुबक होतं, वाचता येत होतं, तरी चाललं नसतं.

आणि हे असं बघणं काही अमेरिकेतल्या नव्या वर्गांनी शोधलेलं नाही. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं इथे आलं, फिरलं, आणि त्यांनी एक अहवाल दिला ज्याच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी ज्या वस्तूचं सगळ्यात जास्त कौतुक केलं ती म्हणजे लोटा, आपला तांब्या हो. तो कोणा एकाने डिझाइन केलेला नाही हे सांगून मग ते म्हणतात की समजा आज कोणाला तो नव्याने करायचा असेल तर काय काय बघावं लागेल, आणि यादी सुरू होते. त्यात पाणी किती मावलं पाहिजे. हात कोणाचे, केवढे. नेणार कसा, डोक्यावर की कमरेवर की हातात. रिकामा असताना तोल कुठे, भरल्यावर कुठे. ओतताना धार कशी पडते. धुता येतो का. हाताला कसा लागतो, उन्हात कसा चमकतो, फुटला-मोडला तर त्या धातूचे पैसे किती येतात. माझ्याकडे कोणी नवखं शिकायला आलं की त्याला मी पाच षटकोन दाखवण्याऐवजी ही यादी वाचायला सांगते आणि मग म्हणते आता लग्नपत्रिकेची अशी यादी कर बघू. पत्रिका कोण वाटतं, स्कूटरच्या डिकीत मावते का, आजोबांना मुहूर्ताची वेळ चष्म्याशिवाय दिसते का, हॉलचा पत्ता व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवला तर वाचता येतो का. यादी संपेस्तोवर निम्मं डिझाइन झालेलं असतं.

असंच डिझाइन शिकवणारं आयआयटीचं आयडीसी आमच्या मुंबईत पवईला १९६९ पासून आहे. रुपयाचं चिन्ह ज्यांनी केलं ते उदय कुमार तिथलेच, २०१० साली ते निवडलं गेलं. देवनागरी र, रोमन आर आणि वर शिरोरेघ, किती सरळ वाटतं बघताना! सरळ वाटतं म्हणूनच लोकांना वाटतं की हे एका झटक्यात सुचलं असणार.

बरं, आता मी केलेलं एक साधं काम सांगते म्हणजे हे सगळं जमिनीवर येईल. एका फरसाणवाल्यांना चिवड्याचं पाकीट नवं करायचं होतं. मागणी नेहमीचीच, मॅडम जरा प्रीमियम दिसू दे, काळं-सोनेरी करा, तो अमुक ब्रँड करतो तसं. मी म्हटलं करू, पण दिवाळीआधीच्या गर्दीत मला जरा दुकानात उभं राहू द्या. तर लोक काय करतात, पाकीट उचलतात, उलटं करतात, आणि प्लॅस्टिकमधून खोबऱ्याचे काप आणि दाणे किती दिसतात ते बघतात. मग दोन बोटांनी दाबतात, पोहे कुरकुरीत आहेत का म्हणून. तारीख बघणारे थोडे. आणि काउंटरवरच्या काकांना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, काका तिखट आहे का हो, लहान मुलांना चालेल का. म्हणजे काळं-सोनेरी पाकीट केलं असतं तर नेमकं जे बघून लोक घेत होते तेच झाकलं गेलं असतं.

मग घरच्या प्रिंटरवर कागद छापून, कापून, जुन्याच पाकिटांवर डिंकाने चिकटवले आणि तशीच चार पाकिटं शेल्फवर ठेवायला दिली. चिवडा दिसायला मोठी खिडकी ठेवली, आणि तिखटपणा दाखवायला लाल गोल ठिपके, एक ठिपका कमी तिखट, तीन म्हणजे जहाल. तर एक आजी पाकीट हातात घेऊन काकांना विचारतात, अहो यात अंडंबिंडं घालायला लागलात का? लाल गोल ठिपका म्हटलं की आपल्याकडे पाकिटावरची मांसाहाराची जुनी खूण आठवते, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, लाल-तपकिरी म्हणजे दुसरं असं तेव्हा असायचं, आता त्या दुसऱ्याला तपकिरी त्रिकोण असतो. ठिपक्यांच्या जागी मिरच्या आल्या आणि प्रश्न मिटला. खर्च किती, कागद आणि डिंक. हेच छापून आल्यावर कळलं असतं तर हजारो पाकिटं भंगारात गेली असती.

आता वर्कशॉपमध्ये जे गाळतात ते. २०१७ मध्ये पेंटाग्राम या नावाजलेल्या स्टुडिओतल्या डिझायनर नताशा जेन यांनी एका भाषणात डिझाइन थिंकिंगची चांगलीच सालटी काढली होती. त्यांचा मुख्य मुद्दा मला शंभर टक्के पटतो, तो म्हणजे त्या पाच टप्प्यांत टीकेला जागाच नाही. आर्ट कॉलेजात काम भिंतीवर लावायचं आणि सर, बाकीची मुलं, सगळ्यांनी ते फाडून खायचं, हे ज्याने सोसलंय त्याला कळेल मी काय म्हणते ते. कुठलीच आयडिया वाईट नाही हे पहिल्या अर्ध्या तासाला ठीक आहे हो, लाजणारी माणसं बोलती होतात. पण नंतर कोणीतरी म्हणायला हवं ना की ही वाईट आहे, आणि का वाईट आहे. आणि ते म्हणायला नजर लागते, ती हजारो चांगली-वाईट कामं बघून येते. युजरला विचारून ती येत नाही. त्या आजींनी ठिपक्याची अडचण सांगितली, पण मिरची कशी काढायची, किती जाड रेघेने, कोणत्या लाल रंगात म्हणजे ती चिवड्याच्या पिवळ्यावर उठून दिसेल पण बटबटीत होणार नाही, हे त्यांना विचारून काय उपयोग? ते आपलं काम, त्याचेच पैसे मिळतात.

याच्या उलट टोकाचीही एक गडबड होते, की सगळ्याच क्रिएटिव्ह कामाला हे लावायला जातात. कविता लिहिणाऱ्याने वाचकाच्या गरजा समजून घ्याव्यात असं एकदा कोणीतरी गंभीरपणे म्हणताना ऐकलं आणि मला हसू आवरेना. कवितेला, चित्राला युजर नसतो. ती कोणाची सोय करायला लिहिलेली नसते, उलट चांगली असेल तर वाचणाऱ्याची थोडी गैरसोयच करते. हां, हाताने विचार करणं तिथेही आहे, ओळ लिहायची, खोडायची, परत बघायची, आणि कविता कशाबद्दल आहे हे चौथ्या खर्ड्यात कळणं यात नवल काहीच नाही. पण समोरच्याची अडचण शोधणं, चाचणी घेणं हा भाग तिथे गैरलागू. मधल्या जागेवर असतात ते मासिकातली चित्रं काढणारे, नाटकाचे सेट करणारे, जाहिरात लिहिणारे, त्यांनी कामागणिक ठरवावं की आत्ता मी माझं म्हणणं मांडतोय की कोणाचं काम सोपं करतोय. बऱ्याचदा दोन्ही असतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं, नाटकाच्या सेटमध्ये तर हमखास, दिग्दर्शकाला जिना प्रतीक म्हणून हवा असतो आणि त्याच जिन्यावरून नऊवारीतल्या बाईला अंधारात उतरायचं असतं.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, जो वर्कशॉपमध्ये कोणीच काढत नाही कारण तिथे बसलेले सगळे पगारी असतात. आपल्याकडचा छोटा क्लायंट पैसे देतो ते फाइलचे. दुकानात उभं राहून लोक बघितल्याचे, डिंकाने कागद चिकटवल्याचे तो का देईल? त्याला वाटतं हे काय, नुसती टिवल्याबावल्या करत उभी होती. यावर उपाय म्हणून मी कोटेशनमध्ये पाहणी आणि कच्चे नमुने अशी वेगळी ओळ घालते आणि तिची रक्कम वेगळी लिहिते, म्हणजे ते काम आहे हे निदान कागदावर तरी दिसतं. काहीजण विचारतात हे कशाला, मग मी लाल ठिपक्याचा किस्सा सांगते, छपाईचा आकडा सांगते, आणि गप्प बसते. निम्मे लोक मान्य करतात. उरलेले ती ओळ खोडायला सांगतात, मग मी ती खोडते, पाहणी केलेली नाही असं खाली लिहून सही घेते, आणि त्यांना काळं-सोनेरी पाकीट करून देते.